मीटरकाकांची वाइन

मीटरकाकांची वाइन वाईट होती. थोडीथोडकी नाही, चांगली घसघशीत वाईट. पहिल्या घोटाला दात आंबायचे, दुसऱ्याला डोळे आपोआप मिटायचे आणि त्यापुढे कोणी गेल्याचं गल्लीत कोणाच्या ऐकिवात नव्हतं. ही गोष्ट झाडून सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त मीटरकाकांना.

काकांनी सगळी नोकरी पाणीखात्यात काढली. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, आणि लोकांच्या तळघरांत, जिन्याखाली, मोरीमागे उकिडवं बसून पाण्याचे मीटर वाचायचे. म्हणून ते मीटरकाका. इतकी वर्षं ओलीत डोकं घालून त्यांचं नाक पार कामातून गेलं होतं. दूध नासलंय हे त्यांना दुसऱ्याने सांगावं लागायचं. खरं तर अशा माणसाने वाइनच्या वाटेला जाऊ नये. पण अंगणात द्राक्षाचा वेल होता, बायको फार लवकर गेली होती, पोरं आपापल्या अभ्यासात असायची, आणि संध्याकाळी माणसाच्या हाताला काहीतरी चाळा लागतो. त्यात काकांचा एक हट्ट होता. द्राक्षं पिकायला लागली की पाखरं यायची, आणि पाखरांना एक मणीसुद्धा मिळू द्यायचा नाही म्हणून काका ती गोड व्हायच्या आतच तोडायचे. मग काय होणार?

थंडी पडली की काका एकेका दारात बाटली घेऊन उभे. एक घोट तिथल्या तिथे, दारातच प्यायला लावायचे. "कशी झालीय?" आणि गल्ली एका सुरात म्हणायची, "काका, काय झालीय! अशी बाजारात मिळायची नाही!" यातलं दुसरं वाक्य अगदी खरं होतं.

काकांची थोरली मुलगी याच घरात त्यांच्यासोबत राहायची. तिला लहानथोर सगळे ताईच म्हणायचे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तिचं काम. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, खाचेत बसवायची, दिव्यापुढे धरून बघायची. हात असा बसलेला की मालक तिचं काम तपासूनही बघत नसत.

काका गेले ते सकाळचा चहा पिऊन. छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक आले, बोलले, रडले, गेले. त्यानंतर ताईचं जेवण सुटलं. उपास वगैरे काही नाही. दोन माणसांचा स्वयंपाक करायची हाताला सवय, एकाचा काही केल्या जमेना. भाताला तांदूळ घ्यायची, भांड्यात बघायची आणि परत डब्यात ओतायची. कामावर चहात बुडवून दोन बिस्किटं, घरी आल्यावर आणखी दोन. बिस्किटांचीही चव लागत नव्हती. बाबा गेले आणि जाताना तिच्या जिभेवरचं सगळं पुसून गेले असं तिला वाटायचं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

एका संध्याकाळी धाकटा आला. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, आता नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणार होता. त्याला मोटरी खोलायला जागा हवी होती, म्हणून दोघं तळघरात उतरली. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बाटल्या, आडव्या, धुळीने माखलेल्या. शेजारी काचेचा मोठा बुधला, रबराची नळी, बुचांनी भरलेला डबा.

"केवढ्या आहेत गं या?" धाकट्याने कपाळाला हात लावला. "मला वाटलं वाटून टाकत होते."

"वाटूनसुद्धा उरायच्या."

"हे बघ ताई, मी सरळ सांगतो. मोरीत ओतू. बाटल्या भंगारवाल्याला देऊ. मला सोमवारी इथे टेबल लावायचंय."

ताई फळीपाशी गेली. तिने एक बाटली काढली, पदराला पुसली, बूच उपटलं आणि दोन कपांत थोडीथोडी ओतली. दोघांनी एकदमच घोट घेतला. धाकट्याचं तोंड असं काही वाकडं झालं की ताईला हसू फुटलं. ती हसली म्हणून तोही हसला. हसता हसता दोघं पायरीवर बसली आणि मग कोण आधी रडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"मोरीत जाणार नाही," ताई नाक पुसत म्हणाली. "माणसाने जन्मभर एवढ्या हौसेने केलंय. कोणी प्यायलंच नाही म्हणून ते मोरीत?"

"मग पिणार कोण? तू?"

"गल्ली पिईल."

"गल्ली!" धाकटा पुन्हा हसायला लागला. "अगं, गल्ली वर्षानुवर्षं आपल्या बापाला गंडवतेय. प्रेमाने, पण गंडवतेय."

ताईला राग आला. कितीतरी दिवसांनी तिला कशाचा तरी राग आला होता, आणि त्या रागाच्या भरात ती जे बोलली ते तिचं तिलाही नवीन होतं. "रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावते. बाटल्या टेबलावर ठेवते. कोणी एकाने जरी आपल्या तोंडाने, कोणी न सांगता, 'आणखी घाल' म्हटलं, तर या फळ्यांना तू हात लावायचा नाहीस. मोटरी दुसरीकडे खोल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर सोमवारी मी स्वतः ओतीन. एकेक करून. तू फक्त बघ."

धाकट्याने तिच्याकडे नीट बघितलं. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं झालेलं. पण मान ताठ होती. तो म्हणाला, "लागली पैज. कोणाला सांगायचं मात्र नाही."

पैज लावायला रागाचा एक क्षण पुरला. निस्तरायला पाच दिवस होते, त्यात ताईच्या नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी तिने वाइनमध्ये साखर घालून बघितली. आंबट आणि गोड एकमेकांशी बोलायलाच तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी लवंगा घालून गरम केली, तर दातदुखीवरचं औषध तयार झालं. तिसऱ्या दिवशी बर्फ घातला. वाइन थंड झाली आणि वाईटच राहिली. असा प्रत्येक प्रयोग चाखून उपाशी पोटी रात्र काढली की दुसऱ्या दिवशी हात थरथरणारच. शुक्रवारी तिच्या हातून काचेची कड उडाली. लागोपाठ दुसरीची.

मालक मागच्या खोलीत आले. त्यांनी तुटक्या काचांकडे बघितलं, मग ताईकडे. "काचा काय, नवीन मागवता येतात," ते म्हणाले. "तू अशी वाळत चाललीस तर तुझ्यासारखी कुठून मागवू? घरी जा. काहीतरी शिजव, खा, मगच उद्या तोंड दाखव. बिस्किट म्हणजे जेवण नव्हे."

भरदुपारी ताई रस्त्यावर आली. खाटकाकडे त्या वेळेला चांगलं काही उरलेलं नसतं. होतं ते मानेचं मटण, हाडाला धरून बसलेलं, चरबीने भरलेलं. "हे शिजायचं नाही हं लवकर," खाटकाने आधीच सांगून टाकलं. ताईने ते घेतलं. मालकांना खोटं सांगायचं नाही एवढ्यासाठीच ती चूल पेटवणार होती. खायचा तिचा विचार नव्हता.

तिने मोठं पातेलं चढवलं. कांदे उभे चिरून तेलात टाकले, मटण टाकलं, मिरे, मीठ, गाजरांचे जाड तुकडे. मन भलतीकडेच होतं, त्यामुळे कांदा लाल होऊन पुढे गेला, मटण तळाला लागलं आणि करपल्याचा वास सुटला. तिने पाण्यासाठी नळ सोडला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प बसला. खिडकीबाहेर कोपऱ्यावर रस्ता खणलेला दिसत होता. पाइप फुटला होता आणि पाणीखात्याची माणसं फावडी टेकून खड्ड्याकडे बघत उभी होती.

"बाबा, तुमचं खातं!" ताई मोठ्याने ओरडली. घरात कोणी नव्हतं, तरी ओरडली. पातेल्यातून धूर निघायला लागला. हाताशी ओली अशी एकच वस्तू होती, आदल्या दिवशीच्या प्रयोगातली उघडी बाटली. तिने ती उपडी केली. सगळीच्या सगळी. पातेलं चरचरलं, वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला आणि तळाला चिकटलेलं सगळं सुटून वर आलं. विस्तव बारीक करून तिने झाकण टाकलं आणि 'गेलं मटण वाया' असं म्हणत ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

तिला जाग आली ती वासाने. क्षणभर ती कुठे आहे, काय वाजलंय, काहीच उमगेना. आधी कांद्याचा गोडसर वास, मग मिऱ्यांचा, मग चरबीचा, आणि या सगळ्यांच्या मागून एक खोल, फळासारखा वास. पोटात कावळे ओरडायला लागले. ताई उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती, आणि तीही साधीसुधी नव्हे.

झाकण काढलं तर रस्सा गडद, दाट, चकाकणारा. हाडाला धरून बसलेलं मटण चमचा लावताच सुटलं. आंबटपणाने त्याला पुरतं नमवलं होतं, आणि मटणाच्या चरबीने आंबटपणाला. तिने ओट्याशी उभ्यानेच एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला. मग पाटावर बसली, पातेलं पुढ्यात ओढलं आणि जेवली. घाम येईपर्यंत, नाक वाहेपर्यंत, बोटं चाटून जेवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते. चव परत आली होती. जिभेला मीठ कळत होतं, मिरं कळत होतं, गाजर कळत होतं.

जेवताना तिने नवी बाटली उघडली आणि कपात थोडी वाइन ओतून बघितली. तशीच, साखरेशिवाय. मटणाचा घास, वर एक घोट. ती थांबली. पुन्हा एक घास, पुन्हा एक घोट. मग ती एकटीच पाटावर बसून हसायला लागली. बाबा रविवारी जेवताना अर्धा पेला घेऊन "वा!" म्हणायचे. इतकी वर्षं तिला वाटायचं, बिचाऱ्यांना नाकच नाही. तो "वा" खरा होता हे तिला आता कळत होतं. गल्लीला मात्र त्यांनी ती नेहमी दारात, उभ्या उभ्या, रिकाम्या पोटी पाजली होती.

शनिवारी खाटकाने डोळे विस्फारले. "तेच मटण? अख्खं?"

"अख्खं," ताई म्हणाली. "आणि हाडं काढू नका."

रविवारी दुपारी मंडळी आली. समोरचे शिंपी, गळ्यात माप घेणारी टेप विसरून तसेच आलेले. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, ज्यांच्या तोंडून कौतुक काढायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं. मागच्या गल्लीतला सुतार. आणि धाकटा, जो सगळ्यांच्या आधी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. टेबलाच्या मधोमध काकांच्या बाटल्या होत्या. त्या बघितल्याबरोबर तिघांचे चेहरे पडले आणि तिघांचे हात आपापल्या पेल्यावर गेले.

"माझं पित्त हल्ली जरा..." शिंपी म्हणाले.

"डॉक्टरांनी मला सक्त मनाई केलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या डॉक्टरकडे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

सुताराला एकही सबब सुचली नाही, म्हणून तो नुसताच खोकला.

धाकट्याने ताईकडे बघून भुवया उडवल्या. ताईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पातेलं आणून टेबलावर ठेवलं. झाकण काढलं. वास खोलीभर पसरला.

पहिली वाढणी झाली ती गुपचूप. दुसरी झाली तेव्हा सुताराने बाह्या सरसावल्या. मास्तरीणबाईंनी हाड हातात धरलं आणि ते चोखायला लागल्या. हे दृश्य गल्लीने आधी कधी बघितलेलं नव्हतं. "काय घातलंयस यात?" त्यांनी विचारलं. विचारतानाही हाड सोडलं नाही. "इतकी वर्षं स्वयंपाक करतेय मी. मला कळायला पाहिजे, पण कळत नाहीये."

"बाबांची वाइन," ताई म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "एक विचारू? रागावणार नाही, खरं सांगा. बाबा बाटल्या द्यायचे, त्यांचं तुम्ही काय करायचात?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी शिंपीच पुढे झाले. "कात्र्यांचा गंज काढायला," ते मान खाली घालून म्हणाले. "फार छान निघायचा गं."

"मी एका स्टुलाला रंग दिला," सुतार म्हणाला. "दोन हात मारले. काय रंग बसलाय म्हणून सांगू! गिऱ्हाईक अजून विचारतं."

"मी गुलाबांना घालायचे," मास्तरीणबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आता माझ्याकडे गुलाब नाहीत."

आधी धाकट्याला हसू आलं. मग सुताराला. मग शिंपी असे हसले की त्यांना गळ्यातली टेप काढून डोळे पुसावे लागले. ताई हसत होती आणि तिला मनात काहीतरी हलकं होत असल्यासारखं वाटत होतं. एवढी माणसं, एवढी वर्षं, आणि बाबांच्या तोंडावर एकदासुद्धा कोणाची जीभ घसरली नव्हती. बाबा याच माणसांत राहिले होते.

"मला दोन बाटल्या हव्यात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "स्वयंपाकाला."

ताईने वळून भावाकडे बघितलं. धाकट्याने नकारार्थी मान हलवली. त्याचं म्हणणं तिला कळलं. मटणात घालायला मागितलेली चालणार नाही. बाबांनी ती प्यायला केली होती.

ताई उठली आणि एकेक पेला सरळ करत तिने सगळ्यांना वाइन ओतली. धाकट्यालासुद्धा. "आज दारात उभे नाही आहात," ती म्हणाली. "आधी घास खा, मग घोट घ्या. आणि आज कोणी खोटं बोलायचं नाही. बाबा ऐकायला नाहीत."

शेवटचे शब्द तिने ठरवले नव्हते. ते तोंडातून गेले आणि तिचा आवाज फाटला. शिंपी उभे राहिले. मग बाकीचेही उठले. सगळ्यांनी उभ्यानेच घास घेतला, घोट घेतला, आणि सगळ्यांचे चेहरे व्हायचे तसेच वाकडे झाले.

"आंबट!" सुतार गरजला.

"भयंकर आंबट!" मास्तरीणबाईंनी दुरुस्ती केली. पण पेला खाली ठेवला नाही. हाड उचललं, आणखी थोडं मटण खाल्लं आणि आणखी एक घोट घेतला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली, शाळेत एखाद्या ढ पोराचं उत्तर बरोबर यायचं तेव्हा पडायची तशी.

शिंपी पुन्हा खुर्चीत बसले होते. ते सावकाश खात होते आणि सावकाश पीत होते. मीटरकाका त्यांच्या बरोबरीचे. शिंप्यांची बायको आजारी असताना काका रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात येऊन नुसते बसायचे. शिंप्यांनी पेला रिकामा केला. तळाशी गाळ दिसेपर्यंत रिकामा केला. मग तो ताईपुढे धरला.

"घाल गं आणखी."

धाकटा खुर्चीत पुढे सरकला. पैज कोणाला माहीत नव्हती, पण दोन भावंडांचे चेहरे बघून काहीतरी घडलंय हे सगळ्यांना कळलं. ताईचा हात बाटलीवर होता आणि ती हलत नव्हती.

"काका," धाकटा हळूच म्हणाला, "पित्त आहे ना तुम्हाला?"

"मला पित्तबित्त काही नाही," शिंपी म्हणाले. "मीटर जिवंत होता तोवर खोटं बोलून दिवस काढले. एकदा म्हणून त्याला म्हटलं नाही, बस, जेवू, मग पिऊ. आज बसलोय तर पिऊ दे. आणि खरं सांगू? मटणावर चांगली लागतेय. चांगली लागतेय रे!"

"मलाही घाल," सुतार म्हणाला.

"काठोकाठ," मास्तरीणबाई म्हणाल्या.

ताईने ओतली. शिंप्यांच्या पेल्यात, सुताराच्या, मास्तरीणबाईंच्या. ओतताना तिच्या हाताला कंप नव्हता. बाटली संपली, दुसरी उघडली. बूच उडालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते कोणाला विचारून उपयोग नव्हता.

तिने वर बघितलं तर धाकटा आपला पेला पुढे धरून उभा होता. डोळे लाल, हनुवटीवर रस्सा.

"तू हरलायस," ताई म्हणाली.

"माहितेय," धाकटा म्हणाला. "घाल."